‘ट्रॅकवर कोण बघतंय कागद?’

पत्र थोडक्यात असं: वाचक चौतीस वर्षांच्या. गेली तीन वर्षं ट्रॅक डेला जातात, म्हणजे बंदिस्त रेस ट्रॅकवर हौशी लोकांना आपली गाडी पळवता येते त्या दिवशी, आणि आजवर स्वतःची रस्त्यावरचीच बाईक आरसे काढून, दिव्यांवर टेप लावून चालवत आल्या. आता पॅडॉकमधले, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार ठेवतात त्या आवारातले, एक जुने रायडर आपली सहाशे सीसीची ट्रॅक बाईक विकतायत. वाचक त्यांना दादा म्हणतात. वळणात कुठून शिरायचं, ब्रेक कधी सोडायचा, हे त्यांनीच शिकवलं. गाडी सुरेख आहे: फायबरची फेअरिंग (बाहेरचं आवरण), रिअरसेट (मागे सरकवलेले पायटे), स्टिअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर रोखणारा), वर दोन जादा चाकं. किंमत रस्त्यावरच्या तशाच गाडीच्या निम्म्याहून कमी. कागद मात्र एकही नाही. दादांनी ती एका रायडरकडून घेतली, त्याने आणखी कोणाकडून तरी. दादा म्हणतात, ‘ट्रॅकच्या गाडीला कागद नसतातच. ट्रॅकवर कोण बघतंय कागद?’ घरी आईने एवढंच विचारलं, ‘ही गाडी तुझी कशावरून?’ त्यावर उत्तर सुचेना, म्हणून हे पत्र. प्रश्न दोन. दादांकडे कागद मागितले तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, मग मागावेत का? आणि ही गाडी नाहीच घेतली, तर जुनी बाईक कायमची ट्रॅकची करून तिची नोंदणी रद्द करून टाकावी का?

आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. एवढ्या लांब पत्रातला सगळ्यात नेमका प्रश्न त्यांचा आहे.

दादा म्हणतात त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. ट्रॅकवर खरंच कोणी कागद बघत नाही. सकाळी तपासणीच्या रांगेत गाडी लावली की तपासनीस काय बघतो? ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार ओवलीय का, ब्रेकच्या कॅलिपरचे बोल्ट घट्ट आहेत का, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटतो का, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी साधं पाणी आहे का. हाताने खेचून बघतो, वाकून बघतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. तुमच्या मागून येणारा तुमच्या ऑइलवर घसरू नये, एवढंच त्याचं काम. गाडी तुमची की पळवलेली, हे बघायला त्याला कोणी बसवलेलं नाही.

पण अशी गाडी वर्षातून किती दिवस ट्रॅकवर असते? दहा? हौस दांडगी असेल तर वीस. बाकीचे दिवस ती तुमच्या गॅरेजात असते, ट्रेलरवर असते, मेकॅनिककडे उघडी पडलेली असते. विचारणारे तिथे भेटतात. ट्रेलर थांबवणारा पोलीस, गॅरेज फुटल्यावर दावा तपासायला आलेला विमा कंपनीचा माणूस, आणि तीन वर्षांनी तुम्ही गाडी विकायला काढाल तेव्हा येणारं गिऱ्हाईक. तेव्हा ते गिऱ्हाईक तुम्हाला काय विचारणार आहे, हे तुम्हाला आजच ठाऊक आहे.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी सतत एकमेकींच्या जागी आल्या आहेत, नोंदणी आणि मालकी. नोंदणी म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर गाडी आणायची मुभा, आणि काही घडलं तर सरकारने कोणाच्या दारात जायचं याची नोंद. मालकी म्हणजे वस्तू कोणाची ते. घरातल्या शिलाई मशीनला नंबर प्लेट नसते, म्हणून ते येणाऱ्या-जाणाऱ्याचं होत नाही. ट्रॅकच्या गाडीला नोंदणी लागत नसेलही, पण त्यावरून तिला मालक लागत नाही असं ठरत नाही. दादांच्या वाक्यात ही उडी अलगद मारली गेली आहे, आणि पॅडॉकमध्ये सगळेच ती मारतात.

तुम्ही कुठून लिहिलंत ते पत्रावर नाही, आणि हे सदर वाचणारे अनेक देशांत पसरलेले आहेत. त्यामुळे एकाच कार्यालयाचे फॉर्म नंबर सांगत बसत नाही. पण ही फारकत जिकडेतिकडे दिसते. ब्रिटनमध्ये गाडीसोबत येणाऱ्या व्ही५सी या नोंदणीपत्रावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. त्यावरचं नाव गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याचं. अमेरिकेत मालकीचं टायटल आणि रस्त्यासाठीचं रजिस्ट्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींचे नियम प्रत्येक राज्याचे आपापले. भारतात हातात एकच आरसी येते, त्यामुळे आपल्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ झालेली असते. खरं तर भारताच्या १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ या व्याख्येतूनच एक गट वगळलेला आहे: कारखान्यात किंवा इतर बंदिस्त आवारातच चालवण्यासाठी घडवलेली खास प्रकारची वाहनं. निव्वळ रेससाठी बनलेली मोटरसायकल त्यात बसते असं म्हणायला जागा आहे. पण रस्त्यासाठी बनलेली गाडी केवळ दिवे आणि प्लेट उतरवली म्हणून त्यात बसते का, यावर वकील मंडळी आनंदाने तासभर बोलतील. तेव्हा त्या अपवादाच्या भरवशावर व्यवहार करू नका.

आता दादांच्या दुसऱ्या वाक्याकडे. ‘ट्रॅकच्या गाडीला कागद नसतातच.’ काही गाड्यांच्या बाबतीत नोंदणीपुरतं हे खरं आहे. होंडाची एनएसएफ२५०आर घ्या. कारखान्यातूनच ती दिव्यांशिवाय, फक्त ट्रॅकसाठी म्हणून निघते. मोटोक्रॉसच्या गाड्याही तशाच. यामाहाची आर६ युरोपात २०२१पासून रस्त्यासाठी मिळेनाशी झाली आणि ‘आर६ रेस’ म्हणून केवळ ट्रॅकसाठी विकली जाऊ लागली. या गाड्यांना नोंदणी कधी नव्हतीच. पण कागद असतात! विक्रेत्याचं बिल असतं, त्यावर नंबर असतो. अमेरिकेत तर कारखान्याचं मूळ दाखलापत्र मिळतं, गाडी कोणी बनवली आणि पहिल्यांदा कोणाला दिली ते सांगणारं. म्हणजे जन्मापासून रेसची असलेली गाडीसुद्धा जन्मदाखला घेऊनच येते.

आणि तुमची गाडी त्यातली नाहीच. तुम्हीच लिहिलंय की फायबर फेअरिंगच्या आत हेडलाइटचा मूळ ब्रॅकेट अजून आहे आणि मागे नंबर प्लेटचा हात कापल्याची खूण आहे. ती खूण वाचून मी खुर्चीत नीट सावरून बसलो. कारण त्याचा अर्थ ही गाडी एकेकाळी रस्त्यावर होती. तिला नंबर होता, कोणीतरी तिचा कर भरला, विमा उतरवला, कदाचित कर्जही काढलं. म्हणजे तिचे कागद होते आणि कुठेतरी मागे राहिले. दादांना विचारायचं ते एवढंच: कुठे राहिले?

याची उत्तरं चार-पाचच असू शकतात, आणि प्रत्येकाने व्यवहार बदलतो.

कदाचित पहिल्या मालकाच्या कपाटात असतील. त्याने गाडी ट्रॅकसाठी विकली, घेणाऱ्याने ‘मला काय करायचेत’ म्हणत कागद घेतले नाहीत. हा सगळ्यात सुखाचा प्रकार. एक-दोन फोनांत कागद सापडतात, आणि त्या पहिल्या मालकाचंही भलंच होतं. कारण गाडी अजून त्याच्याच नावावर असणार, हे तो विसरून गेलेला असतो. भारतात एका अपघाताच्या खटल्यात असंच झालं. गाडी हातोहात विकली गेली, नोंदणी मात्र कोणीच बदलली नाही, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी होती त्याच्यावरच टाकली. तेव्हा जुन्या मालकाला फोन करताना ओशाळं व्हायचं कारण नाही.

कदाचित कागद बँकेकडे अडकले असतील. कर्ज फिटलं नाही आणि गाडी मात्र दिवे उतरवून ट्रॅकवर गेली. मग ती तुमच्या दारातूनही उचलली जाऊ शकते. अशी नोंद बऱ्याच देशांत चासी नंबरावरून तपासता येते. ऑस्ट्रेलियात २०१२पासून त्यासाठी एकच राष्ट्रीय नोंदवही आहे, पीपीएसआर नावाची. ब्रिटनमध्ये खासगी कंपन्या अशी तपासणी करून देतात. भारतात कर्जाचा बोजा आरसीवर चढवलेला असतो, पण त्यासाठी आधी मूळ नंबर हाती लागायला हवा.

कदाचित विमा कंपनीकडे गेले असतील. रस्त्यावर अपघात झाला, कंपनीने गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी ठरवली, सांगाडा लिलावात गेला आणि तिथून कोणी हौशी माणसाने उचलून ट्रॅक बाईक बांधली. ट्रॅकवरच्या कितीतरी गाड्या अशाच जन्मतात, आणि त्यात मुळात काही वावगं नाही. पण कोणत्या वर्गातला टोटल लॉस हे बघावं लागतं. ब्रिटनमध्ये २०१७पासून ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. ‘ए’ म्हणजे गाडी अख्खी चिरडायची, ‘बी’ म्हणजे सुटे भाग काढून घ्या पण फ्रेम चिरडा. एस आणि एन वर्गातल्या दुरुस्त करून वापरता येतात. ऑस्ट्रेलियात ‘स्टॅच्युटरी राइट-ऑफ’ ठरलेली गाडी पुन्हा रस्त्यासाठी नोंदवता येत नाही. आता समजा, जी फ्रेम चिरडायची होती ती गुपचूप ट्रॅकवर आली. तिचा प्रश्न कागदापुरता राहत नाही. तिची मोडतोड कोणीतरी डोळ्यांनी बघितली होती म्हणून तो वर्ग दिला होता. सरळ पट्ट्यावर चौथ्या गिअरमध्ये हँडल थरथरायला लागलं तर तुम्हाला आठवेल की हा कागद बघायला हवा होता.

आणि कदाचित, हे लिहायला मलाही आवडत नाही, कागद खऱ्या मालकाकडे असतील आणि त्यासोबत पोलीस तक्रारीची एक प्रतही. चोरीच्या स्पोर्ट्स बाईकला ट्रॅक ही सोयीची जागा आहे. प्लेट नको, दिवे नकोत, रंग बदललेला असतो, ओळखणार कोण? दादांनी काही केलंय असं मी अजिबात म्हणत नाही. त्यांच्या आधीच्याही आधी जे कोणी होतं, त्याच्याबद्दल दादांनाही काही ठाऊक नाही, एवढंच म्हणतो. कायद्याचा साधारण नियम असा की जे आपलं नाही ते दुसऱ्याचं करून देता येत नाही. भारताच्या १९३०च्या मालविक्री कायद्यात तो आहे, ब्रिटनच्या १९७९च्या कायद्यात आहे, थोड्याफार अपवादांनी इतरत्रही आहे. चोरीची गाडी तीन सज्जन हातांतून गेली म्हणून धुऊन निघत नाही. शेवटच्या सज्जनाची गाडीही जाते आणि पैसेही.

म्हणून पहिलं काम कागदाचं नाही, टॉर्चचं आहे. दादांकडे जा. सोबत टॉर्च, जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन. बहुतेक मोटरसायकलींवर चासी नंबर फ्रेमच्या मानेवर ठोकलेला असतो, म्हणजे हँडलच्या खाली, जिथे पुढचा फोर्क फिरतो तिथे. ट्रॅक बाईकवर त्या जागी ग्रीस, धूळ आणि वितळलेल्या रबराचे कण यांचा काळा थर साचतो. तो घासून काढा. हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, टॉर्च समोरून न धरता आडवा धरा, म्हणजे अक्षरांची सावली पडते आणि खाडाखोड असेल तर दिसते. अक्षरं एका रांगेत आहेत का? सारख्या खोलीची आहेत का? भोवतीचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला किंवा त्यावर वेगळाच रंग मारलेला आहे का? १९८०च्या दशकापासून सर्रास वापरात आलेला हा नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच येत नाहीत. तेव्हा गोल दिसेल ते शून्य, उभी रेघ दिसेल तो एक. फोटो काढा, आणि फोटोवर विसंबून न राहता तिथेच उभ्याने कागदावर उतरवून घ्या.

इंजिनचा नंबर वेगळा. तो क्रँककेसवर, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचावर असतो, आणि इथे मी स्वतः खाल्लेली माती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मीही एक ट्रॅक बाईक घेतली होती, अशीच ओळखीत. पावती मागायचं शहाणपण मला होतं, त्याचा मला अभिमानही होता. विकणाऱ्याने मांडी घालून, इंजिनाकडे बघत, वहीच्या पानावर नंबर लिहून दिला. मी घडी घालून ठेवला. दुसऱ्याच हंगामात इंजिनने कनेक्टिंग रॉड बाहेर टाकला. क्रँककेसला अंगठा जाईल एवढं भोक पडलं, आणि मी कुठून तरी वापरलेलं इंजिन आणून बसवलं. पुढे गाडी विकताना ती पावती काढली, तर तिच्यावर फक्त इंजिनचा नंबर. म्हणजे जगात माझ्या मालकीचा एकमेव लेखी पुरावा होता, आणि तो भंगारात गेलेल्या इंजिनाचा होता. गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो, आणि मग भाव पाडून दिला. रेसच्या गाडीत इंजिन हे टायरसारखंच, झिजायचं आणि बदलायचं. गाडीची ओळख फ्रेमवर असते. पावतीवर दोन्ही नंबर हवेत, पण एकच लिहिणार असाल तर फ्रेमचा.

आता दादांना कसं विचारायचं. या प्रश्नावर तुम्ही दीड पान लिहिलंय, म्हणजे खरी अडचण इथेच आहे. गाडीची नाहीच.

एक आठवून बघा. तुम्ही पहिल्यांदा ट्रॅकवर उतरलात तेव्हा दादांनी तुमच्या गाडीला हात लावला होता का? लावलाच असणार. चेन दाबून बघितली असेल, टायरमधली हवा स्वतःच्या गेजने मोजली असेल, तुम्ही ‘आताच चेक केलंय’ म्हणालात तरी ड्रेन बोल्ट एकदा हलवून बघितला असेल. तुम्हाला अपमान वाटला का? उलट, हा माणूस आपली काळजी करतो असं वाटलं असेल. कागद मागणं याच जातीचं आहे. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे बोल्ट तपासले त्याला ही भाषा कळेल. ‘दादा, तुम्हीच शिकवलंत ना, बोल्ट स्वतः बघितल्याशिवाय बाहेर पडायचं नाही,’ एवढं म्हणून पुढचं बोलता येईल.

आणि अविश्वास कोणावर, हेही स्पष्ट करा. तुम्ही दादांना ‘तुम्ही खरं सांगताय का’ असं विचारत नाही आहात. ‘तुम्हाला ज्याने दिली त्याच्याकडे काही होतं का, आपण मिळून शोधू या का’ असं विचारताय. यात दादांचाही फायदा आहे. उद्या गाडीवर कोणी दावा सांगितला तर तुम्ही दादांकडेच येणार, नाही का? आज दोन फोन करणं त्यांना परवडेल की तेव्हा तुमच्यासमोर मान खाली घालून उभं राहणं? आणि एवढं नीट विचारूनही ते चिडले, ‘घ्यायची तर घे नाहीतर राहू दे’ म्हणाले, तर गाडीबद्दल नवीन काही कळेलच असं नाही, पण या व्यवहाराबद्दल जे कळायचं ते कळेल.

पावतीचा मसुदा मी इथेच देतो, म्हणजे ‘वकील कुठे शोधू’ हा प्रश्न निदान पहिल्या दिवशी येणार नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरातही चालेल:

‘मी, अमुक नाव-पत्त्याचा, माझ्या मालकीची अमुक कंपनीची अमुक मॉडेलची मोटरसायकल, चासी नंबर अमुक, इंजिन नंबर अमुक, आज अमुक तारखेस तमुक नाव-पत्त्याच्या व्यक्तीस अमुक रकमेस विकली व रक्कम पूर्ण मिळाली. ही गाडी मी तमुक यांच्याकडून तमुक साली विकत घेतली होती. गाडीवर कोणाचंही कर्ज वा तारण नाही, ती चोरीची नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे विम्याच्या दाव्यात निकाली काढलेली नाही. गाडी सध्या रस्त्यासाठी नोंदवलेली नाही. ट्रॅकवर वापरण्यासाठी, आहे त्या स्थितीत विकली आहे. तिच्या मालकीवर अन्य कोणाचा हक्क सिद्ध झाल्यास मी पूर्ण रक्कम परत करीन.’

खाली दोघांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती. पैसे बँकेतून द्या, रोख नको; बँकेच्या नोंदीत तारीख आपोआप राहते. ‘तमुक यांच्याकडून तमुक साली’ हे वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि तेच सगळ्यात कामाचं आहे. त्या तमुकने आपल्या हाताने दोन ओळी लिहून दिल्या तर फारच उत्तम. अशी प्रत्येक हाताची एकेक पावती मागे मागे जात एखाद्या बिलापर्यंत किंवा आरसीपर्यंत पोचली, की तुमच्या आईंना दाखवायला काहीतरी झालं. आणि ही पावती चोरीच्या गाडीला तुमची करत नाही, हेही लक्षात असू द्या. ती फक्त दाखवते की तुम्ही डोळे उघडे ठेवून घेतली, आणि पैसे मागायला जायचं कोणाकडे.

शोधूनही साखळी तुटलेलीच राहिली तर? चासी नंबर स्वच्छ वाचता येतोय, तपासणीत चोरी किंवा कर्ज काही निघालं नाही, दादा वरचा मसुदा सही करून द्यायला तयार आहेत, पण त्यांच्या आधीचा माणूस सापडत नाही, अशा वेळी मी स्वतः गाडी घेईन, मात्र भाव आणखी पाडून. उद्या विकताना मलाही तो पाडावाच लागेल. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत अशा वेळी हमीची रक्कम भरून टायटल मिळवायची सोय आहे, ती तिथल्या वाचकांनी जरूर बघावी. नंबर खोडलेला असेल किंवा त्यावर वेल्डिंगचा थर असेल, तर मात्र चाकं चांगली आहेत, डॅम्पर चांगला आहे, असं काहीही मनाशी म्हणू नका. बहुतेक देशांत असा नंबर हेच गाडी जप्त करायला पुरेसं कारण असतं. कोणी म्हणेल की अपघातानंतर फ्रेम बदलली आणि नवी फ्रेम कोरीच आली. येते तशी. पण मग फ्रेमचं बिल असतं, आणि जुन्या फ्रेमचं काय केलं तेही सांगता येतं.

तुमचा दुसरा प्रश्न. इथे माझं उत्तर एका शब्दाचं आहे: थांबा.

जुनी बाईक ट्रॅकची करायला तिची नोंदणी रद्द करावी लागत नाही. नोंदणी असलेली गाडी ट्रेलरवर घालून ट्रॅकवर नेली म्हणून कोणी हटकत नाही. कर आणि विमा वाचवायचा असेल तर आधी तुमच्याकडे तात्पुरती सोय आहे का ते बघा. ब्रिटनमध्ये १९९८पासून ‘सॉर्न’ आहे: गाडी रस्त्यावर आणत नाही असं कळवायचं, कर थांबतो, व्ही५सी तसंच राहतं. २०१३पासून ते दरवर्षी नव्याने कळवावंही लागत नाही, आणि मन बदललं तर पुन्हा कर भरून गाडी रस्त्यावर आणता येते. भारतात गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत कळवायचं असतं आणि मग नोंदणी रद्द होते. पण तुमची बाईक निकामी कुठे झालीय? ती तर यंदा तुमची फेरीची वेळ दोन सेकंदांनी खाली आणणार आहे. धडधाकट गाडी कागदावर मेलेली दाखवू नका. काही ठिकाणी असा दाखला एकदा मिळाला की परतीची वाट कायमची बंद होते.

कारण सरळ आहे. कागद असलेल्या ट्रॅक बाईकला दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात, ट्रॅकवाली आणि ती पुन्हा रस्त्यावर आणू पाहणारी. कागद नसलेलीला एकच. आणि हौस कधी संपेल ते सांगता येत नाही; खांदा एकदा निखळला की भल्याभल्यांची संपते. म्हणून मूळ हेडलाइट, इंडिकेटर, आरसे, सायलेन्सर, सीट आणि नंबर प्लेट एका खोक्यात घालून वर मार्करने गाडीचं नाव लिहून ठेवा. दिवे उतरवल्यावर मात्र ‘इथेच पंपापर्यंत’ म्हणून ती रस्त्यावर काढायची नाही. नोंदणी आहे म्हणजे दिवे नसले तरी चालतं, असा उलटा गोंधळही पुष्कळ जण करतात.

विम्याचं पटकन सांगतो. रस्त्याच्या पॉलिसीतून ट्रॅकवरचं नुकसान सहसा वगळलेलं असतं, ती ओळ शोधून वाचा. गॅरेजातून किंवा ट्रेलरवरून चोरी झाली तर भरपाई देणाऱ्या पॉलिसी काही देशांत ट्रॅक बाईकला मिळतात, पण दाव्याच्या वेळी पहिली मागणी मालकीच्या पुराव्याची. दुसऱ्या देशातल्या ट्रॅकवर गाडी न्यायची तर सीमेवर एटीए कार्ने, म्हणजे वस्तू तात्पुरती परदेशी नेण्याचा जकातीचा कागद, लागू शकतं. त्याच्या यादीत वस्तूचा नंबर भरावा लागतो. तिथेही फ्रेमच्या मानेवरचा तोच काळा थर आडवा येतो.

टॉर्च घेऊन जाल तेव्हा आणखी एक विचारा. रेसच्या गाडीवर किल्लीच्या जागी साधं बटण बसवलेलं असतं, वजन वाचतं आणि पडल्यावर इग्निशन पटकन बंद करता येतं. दादांच्या गाडीवरही असेल. पण मूळ कुलूप आणि किल्ली कोणीतरी कधीतरी काढून ठेवली असणार, आणि असल्या वस्तू माणसं सहसा फेकत नाहीत. दादांकडे नसेल तर त्यांच्या आधीच्याकडे असेल, जुन्या नटबोल्टांच्या डब्यात. ती किल्ली ज्याच्याकडे निघेल, त्याच्याकडे कागदांचीही चौकशी करा.